कृपा, निवड आणि मानवी इच्छा : ख्रिस्ती चिंतनातील एक जुना वाद

(ग्रंथालयाच्या शतसांवत्सरिक व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा पाठ)



शंभर वर्षे ज्या वास्तूने पुस्तकांची राखण केली, त्या वास्तूत एखाद्या विचाराची कथा सांगावयाची तर तिचा आरंभ पुस्तकांच्या पेटीपासून व्हावा, हे उचितच होय. २२ मार्च १६२१ या दिवशी हॉलंडमधील लोव्हेस्टाइन नावाच्या किल्ल्यातून पुस्तकांची एक पेटी बाहेर पडली. किल्ल्यात जन्मठेप भोगीत असलेल्या एका विद्वानाला मित्रांकडून वाचावयास ग्रंथ येत, आणि वाचून झालेले ग्रंथ त्याच पेटीतून परत जात. आरंभी पहारेकरी पेटी उघडून पाहत. पुढे पुढे त्यांना कंटाळा आला. त्या दिवशी पेटी उचलताना शिपायांना ती नेहमीपेक्षा जड लागली, आणि ‘आत एखादा आर्मिनियसपंथी तर बसलेला नाही ना?’ असा विनोदही त्यांच्यापैकी कोणी केला, अशी आख्यायिका आहे. विनोद खरा होता. पेटीत पुस्तके नव्हती. खुद्द कैदी होता. त्याचे नाव ह्यूगो ग्रोशियस. त्याची पत्नी मारिया हिने ही युक्ती योजली होती आणि पती दूर जाईपर्यंत ती स्वतः किल्ल्यातच थांबली. पुढे चारच वर्षांनी, १६२५ साली, या ग्रोशियसने युद्ध आणि शांतता यांच्या कायद्यावरील तो ग्रंथ प्रसिद्ध केला, ज्यामुळे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या जनकांत त्याची गणना होते.

एवढ्या मोठ्या पंडिताला जन्मठेप कशासाठी झाली? त्यात राजकारण होते, सत्तेची स्पर्धा होती, स्पेनशी तह चालू ठेवावा की युद्ध पुकारावे हा वाद होता. परंतु त्या सगळ्या राजकारणाने ज्या निशाणाखाली माणसे गोळा केली, ते निशाण एका तात्त्विक प्रश्नाचे होते. कोणत्या माणसाचे तारण व्हावयाचे आणि कोणाचे नाही, हे ईश्वराने जगाच्या उत्पत्तीपूर्वीच ठरवून ठेवले आहे काय? आणि ठरवून ठेवले असेल, तर माणसाच्या इच्छेला, त्याच्या पश्चात्तापाला, त्याच्या सत्कृत्याला काय अर्थ उरतो?

हा प्रश्न केवळ मठातील पंडितांचा होता, असा समज करून घेण्याचे कारण नाही. तान्हे मूल दगावलेल्या आईचा तो प्रश्न होता. व्यसनातून सुटू पाहणाऱ्या आणि पुन्हा पुन्हा घसरणाऱ्या माणसाचा तो प्रश्न होता. मृत्युशय्येवर पडून आपल्या आयुष्याचा हिशेब मांडणाऱ्या प्रत्येकाचा तो प्रश्न होता. म्हणूनच दीड हजार वर्षे तो विझला नाही.

मराठी श्रोत्याच्या मनात येथे प्रथम ‘प्रारब्ध’ हा शब्द उभा राहील. हे साम्य वरवरचे आहे, आणि त्यातील भेद आधीच स्पष्ट करून घेणे हिताचे ठरेल. प्रारब्ध हे माणसाच्याच पूर्वकर्माचे फळ. आज जे भोगावयाचे ते कधीतरी आपणच पेरलेले असते, आणि आजचे क्रियमाण हे उद्याचे संचित होते. तेथे न्यायाची एक साखळी आहे. तिची आदली कडी दिसत नसली तरी ती असल्याचा विश्वास आहे. ख्रिस्ती विचारातील पूर्वनियोजनात अशी आदली कडी नाही. माणसाचा जन्म एकदाच. त्याने काही बरे-वाईट करण्यापूर्वीच ईश्वराने त्याची निवड केलेली असते, आणि त्या निवडीचे कारण माणसाच्या ठायी शोधावयाचे नसते. म्हणून कर्मविपाकापेक्षा दक्षिणेतील श्रीवैष्णवांचा एक वाद या प्रश्नाला अधिक जवळचा आहे. माकडीचे पिल्लू आपल्या बळाने आईला घट्ट धरून राहते. मांजरीचे पिल्लू काहीच करीत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. ईश्वर भक्ताला तारतो तो कोणत्या रीतीने, यावर वडकलै आणि तेनकलै या दोन परंपरा भिन्न झाल्या. मर्कटन्याय आणि मार्जारन्याय हे दोन शब्द ध्यानी ठेवले, तर युरोपातील वादाची निम्मी वाट सुकर होते.

या वादाचे मूळ बायबलमध्येच आहे, कारण बायबल दोन्ही बाजूंनी बोलते. अनुवाद या पुस्तकात मोशे इस्राएल लोकांपुढे जीवन आणि मरण दोन्ही ठेवतो आणि जीवन निवडण्यास सांगतो. निवडीचे सामर्थ्यच नसेल तर ही आज्ञा व्यर्थ होय. यहेज्केल संदेष्टा बापाच्या पापाचा भार मुलावर टाकण्यास नकार देतो. उलट निर्गम या पुस्तकात ईश्वर स्वतः मिसरच्या फारो राजाचे मन कठीण करतो. आणि पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात कुंभाराचा दृष्टान्त देतो. एकाच मातीच्या गोळ्यातून कुंभार एक भांडे मानाच्या कामासाठी घडवील आणि दुसरे हलक्या कामासाठी. मातीने त्याला जाब कसा विचारावा? आणि फिलिप्पैकरांस लिहिताना हाच पौल आपले तारण भीत भीत, कापत कापत साधून घेण्यास सांगतो, आणि लागलीच म्हणतो की इच्छा आणि कृती या दोन्ही तुमच्या ठायी ईश्वरच घडवून आणीत असतो. एका श्वासात दोन्ही बाजू! पुढच्या पंधरा शतकांचे भांडण या श्वासात साठलेले आहे.

पहिला मोठा सामना झाला तो पाचव्या शतकाच्या आरंभी. एका बाजूस ऑगस्टीन, उत्तर आफ्रिकेतील हिप्पो या नगरीचा बिशप. दुसऱ्या बाजूस पेलाजियस, ब्रिटनहून रोमला आलेला एक विरक्त साधक. पेलाजियसचे नाव पुढे पाखंड्यांच्या यादीत गेले, त्यामुळे त्याच्याविषयी न्यायाने बोलण्याची रीत फारशी राहिली नाही. वास्तविक तो शुद्ध आचरणाचा आणि कळकळीचा मनुष्य होता. रोममधील ख्रिस्ती समाज सुखासीन झाला होता. ‘माणूस दुर्बळ आहे, काय करणार?’ ही सबब घरोघर ऐकू येत होती. पेलाजियसला ती सबब असह्य झाली. ईश्वराने आज्ञा दिली त्या अर्थी ती पाळण्याचे सामर्थ्यही दिलेच असले पाहिजे. अशक्य गोष्टीची आज्ञा करणारा ईश्वर न्यायी कसा? आदामाच्या पापाने त्याच्या वंशजांची इच्छाशक्तीच मोडून पडली, हे मत त्याला मान्य नव्हते.

ऑगस्टीनचा अनुभव निराळा होता. इ.स. ३५४ मध्ये जन्मलेला हा बुद्धिमान पुरुष तारुण्यात विषयासक्तीत अडकला. काय करावयास हवे ते त्याला पुरते समजत होते, तसे करण्याची इच्छाही होती, आणि तरीही वर्षानुवर्षे पाऊल उचलत नव्हते. इच्छा असूनही इच्छिता येत नाही, ही मानवी मनाची विलक्षण अवस्था त्याने आपल्या आत्मनिवेदनात ज्या सूक्ष्मतेने वर्णिली आहे, तिला प्राचीन वाङ्मयात तोड सापडणे कठीण. ३८६ साली मिलानमधील एका बागेत त्याच्या मनाची गाठ सुटली. ती आपण सोडविली असे त्याला कधीच म्हणवले नाही. ती सोडविली गेली, अशीच त्याची खात्री होती. माणसाची इच्छा रोगी आहे, तिला उपदेश पुरत नाही, तिला वैद्य हवा. आणि वैद्याला बोलावण्याची इच्छा होणे हीदेखील त्या वैद्याचीच कृपा, असे त्याचे मत बनले.

येथवर ऑगस्टीनचे म्हणणे कोणत्याही भक्ताला पटण्यासारखे आहे. परंतु तर्क येथे थांबत नाही. विश्वास हे देणे असेल आणि ते सर्वांना मिळालेले दिसत नसेल, तर काहींना ते दिले आणि काहींना दिले नाही, असे म्हणणे भाग आहे. का दिले नाही? यावर वृद्ध ऑगस्टीनपाशी उत्तर होते ते एवढेच की ईश्वराचे न्याय अगाध आहेत. बाप्तिस्म्यावाचून मेलेल्या अर्भकांनाही त्याने दंडातून सोडले नाही. त्यांचा दंड अगदी सौम्य असेल, इतकेच तो म्हणू शकला. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसचे मत त्याज्य ठरविले. ऑगस्टीन जिंकला, परंतु त्याच्या विजयात एक काटा राहून गेला. इ.स. ५२९ च्या ऑरेंज येथील सभेने कृपेचे अग्रत्व मान्य केले आणि ईश्वर कोणाला दुष्टतेसाठी नेमतो हे मत मात्र निक्षून नाकारले. हा त्या काट्यावरचा पहिला उपचार.

त्याच सुमारास, इ.स. ५२४ च्या आसपास, बोएथियस नावाचा रोमन अधिकारी राजद्रोहाच्या आरोपाखाली बंदिवासात मृत्यूची वाट पाहत होता. तेथे त्याने लिहिलेल्या तत्त्वज्ञानाच्या सांत्वनपर ग्रंथात प्रश्नाचे दुसरे अंग हाताळले आहे. ईश्वराला पुढचे सारे आधीच ठाऊक असेल, तर माणूस वेगळे काही करूच कसे शकेल? बोएथियसचे उत्तर असे की ‘आधी’ हा शब्दच ईश्वराला लागू पडत नाही. ईश्वर काळाच्या बाहेर आहे. डोंगरमाथ्यावर उभा असलेला मनुष्य खालच्या वाटेवरचे सगळे वाटसरू एकाच वेळी पाहतो. त्याच्या पाहण्याने कोणाचे पाऊल बांधले जात नाही. या उत्तराने पूर्वज्ञानाची अडचण पुष्कळ हलकी होते. पण पूर्वनियोजनाची होत नाही, कारण तेथे ईश्वर केवळ पाहत नसून ठरवीत असतो.

नवव्या शतकातील गॉटशाल्क या संन्याशाची कथा येथे सांगण्याजोगी आहे. आईबापांनी त्याला बालपणीच फुल्डाच्या मठाला अर्पण केले होते. मोठा झाल्यावर त्याने सुटका मागितली. ८२९ साली धर्मसभेने ती दिलीही. परंतु मठाधिपतीने बादशहाकडे दाद मागितली आणि त्याला संन्यासातच राहावे लागले. ज्याच्या आयुष्याचा निर्णय त्याच्या संमतीवाचून इतरांनी केला होता, त्याच माणसाने पुढे असे प्रतिपादिले की ईश्वराने काहींना जीवनासाठी आणि काहींना मरणासाठी आधीच नेमले आहे. ८४९ साली त्याला फटके मारण्यात आले, आपले लेखन स्वहस्ते अग्नीत टाकावयास लावले आणि जन्मभर बंदिवासात ठेवण्यात आले. अंतापर्यंत त्याने मत सोडले नाही. आपल्या मताखातर एवढे सोसणारा हा मनुष्य इच्छेचे स्वातंत्र्य नाकारीत होता, ही विसंगती म्हणावी की संगती?

सोळाव्या शतकात हा विषय पुन्हा पेटला. १५२४ साली रॉटरडॅमचा इरॅस्मस याने इच्छास्वातंत्र्यावर एक छोटा, सौम्य भाषेतील ग्रंथ लिहून मार्टिन ल्यूथरला आव्हान दिले. इरॅस्मसची भूमिका समंजस होती. शास्त्रात दोन्ही प्रकारची वचने आहेत, सर्वच कोडी सोडविण्याचा अट्टहास नको, पुष्कळसे श्रेय कृपेला द्यावे आणि थोडेसे माणसाच्या प्रयत्नाला. अन्यथा आज्ञा, स्तुती आणि निंदा यांना अर्थच उरणार नाही. पुढच्याच वर्षी ल्यूथरने त्याच्या चौपट आकाराचे कडाडते उत्तर दिले. आरंभीचे बहुतेक शिष्टाचार संपल्यावर त्याने इरॅस्मसचे एका गोष्टीसाठी मनःपूर्वक अभिनंदन केले. पोपची सत्ता, पापमोचन असल्या किरकोळ बाबी सोडून या एकट्या प्रतिस्पर्ध्याने वादाच्या मर्मालाच हात घातला होता! ल्यूथरच्या मते माणसाची इच्छा ही स्वारीच्या जनावरासारखी आहे. तिच्यावर ईश्वर बसला तर ती त्याच्या वाटेने जाते, सैतान बसला तर त्याच्या. स्वार निवडणे तिच्या हाती नाही.

हे ऐकून आजचा वाचक दचकतो. परंतु ल्यूथरला यात भय वाटत नव्हते, दिलासा वाटत होता. माझे तारण माझ्या हाती असते तर मला क्षणभरही स्वस्थता लाभली नसती, अशी त्याची भावना होती. मठात असताना उपवास, जागरणे आणि कबुलीजबाब यांनी त्याने स्वतःला पिळून काढले होते. किती केले म्हणजे पुरे, याचे उत्तर कधीच मिळाले नव्हते. पेलाजियसचा मार्ग किती कठोर असू शकतो, हे ल्यूथरच्या तारुण्यावरून समजते. जेथे सर्व काही माणसाच्या प्रयत्नावर अवलंबून असते, तेथे अपयशाचा सगळा भारही त्याच्याच माथी बसतो.

जिनिव्हाच्या जॉन कॅल्व्हिनने या विचाराला शिस्तबद्ध रूप दिले. १५३६ मध्ये प्रथम निघालेला आणि १५५९ मध्ये अखेरचे रूप घेतलेला त्याचा धर्मतत्त्वांवरील ग्रंथ प्रॉटेस्टंट चिंतनाचा आधारस्तंभ ठरला. काहींना अनंत जीवन आणि काहींना अनंत दंड, हा ईश्वराचा सनातन संकल्प होय, असे त्याने निःसंदिग्धपणे लिहिले. आणि हा संकल्प भयंकर आहे, अशी कबुलीही दिली. १५५१ साली बोल्सेक नावाच्या एका वैद्याने जिनिव्हात भर सभेत आक्षेप घेतला की असा ईश्वर जुलमी ठरतो आणि पापाचे कर्तृत्वही त्याच्याकडे जाते. बोल्सेकला हद्दपार करण्यात आले. आक्षेप मात्र हद्दपार झाला नाही.

तोच आक्षेप हॉलंडमध्ये लायडन विद्यापीठातील प्राध्यापक याकोब आर्मिनियस याच्या मुखातून पुन्हा उमटला. ईश्वर निवड करतो, परंतु कोण विश्वास ठेवील हे जाणून करतो. कृपा अगोदर येते, पण माणूस ती नाकारू शकतो, असे त्याचे मत. १६०९ मध्ये तो वारला. पुढच्या वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचे निवेदन सादर केले. १६१८ च्या नोव्हेंबरात डॉर्ट येथे धर्मसभा भरली. इंग्लंड, जर्मनी आणि स्वित्झर्लंड येथूनही प्रतिनिधी आले. मे १६१९ पर्यंत निर्णय झाला: माणूस स्वबळाने ईश्वराकडे वळू शकत नाही, निवड विनाअट असते, ख्रिस्ताचे बलिदान निवडलेल्यांसाठीच फलद्रूप होते, कृपा अखेर अडविता येत नाही, आणि निवडलेला शेवटपर्यंत टिकतो. सुमारे दोनशे धर्मोपदेशकांना आपली पदे गमवावी लागली. १३ मे १६१९ रोजी आर्मिनियसपंथीयांचा आधार असलेला वृद्ध मुत्सद्दी ओल्डेनबार्नेव्हेल्ट याचा शिरच्छेद झाला. त्याचा सहकारी ग्रोशियस किल्ल्यात गेला, आणि पुढे पेटीतून बाहेर पडला.

हा वाद केवळ प्रॉटेस्टंटांचा होता असे मात्र नव्हे. रोमन कॅथलिक पक्षात त्याच काळात जेझुइट आणि डॉमिनिकन या दोन संघांत तितकाच तीव्र झगडा चालू होता. लुईस दे मोलिना या जेझुइटाने १५८८ साली लिस्बन येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक चतुर तोड सुचविली. जे घडू शकते आणि जे घडणार आहे ते तर ईश्वराला कळतेच; परंतु अमुक परिस्थितीत अमुक मनुष्य स्वेच्छेने काय करील, हेही त्याला कळते. दावीद कईला नगरात असताना त्याने ईश्वराला विचारले की शौल राजा आला तर नगरवासी मला त्याच्या हवाली करतील काय. करतील, असे उत्तर आले. दावीद तेथून निघून गेला, आणि ती गोष्ट घडलीच नाही. न घडलेल्या, पण घडू शकणाऱ्या स्वतंत्र कृतीचे हे ज्ञान. या ज्ञानाच्या आधारे ईश्वर जगाची मांडणी करतो, आणि माणसाचे स्वातंत्र्यही अबाधित राहते, असा मोलिनाचा दावा होता. डॉमिनिकन पंडित दोमिंगो बान्येथ याला त्यात ईश्वराच्या सार्वभौमत्वाची हानी दिसली. रोममध्ये वर्षानुवर्षे चर्चा झाली. अखेर १६०७ साली पाचव्या पॉल या पोपने निर्णय दिला तो असा, की दोन्ही पक्षांनी आपापले मत खुशाल बाळगावे. मात्र एकमेकांस पाखंडी म्हणू नये. निवाडा न देण्याचा हा निवाडा धर्मेतिहासातील मोठ्या शहाणपणाचा नमुना मानावा लागेल.

याच काळात, मोलिनाच्याच जेझुइट संघाचा एक इंग्रज पाद्री गोव्यात, साष्टीच्या खेड्यापाड्यांतून फिरत होता. १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तचरित्रापर्यंतची कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत सांगणारे हे काव्य मराठीचे भूषण आहे. स्टीफन्स १६१९ मध्ये, डॉर्टची सभा आटोपली त्याच वर्षी, निवर्तले. युरोपात कृपेच्या सिद्धान्तावर ग्रंथांचे डोंगर रचले जात असताना त्याच कृपेची कथा मराठी ओवीत, श्रोत्यांसमोर गाऊन सांगण्यासाठी रचली जात होती, ही गोष्ट मराठी वाचकाने विसरू नये. दुसरा धागा बेळगावचा. १८३१ साली तेथे जन्मलेले ‘यमुनापर्यटन’कार बाबा पदमनजी पुढे स्कॉटलंडच्या फ्री चर्चशी निगडित झाले. त्या चर्चचे अधिकृत मतपत्र १६४६ सालचे वेस्टमिन्स्टरचे, म्हणजे पूर्वनियोजन स्पष्ट शब्दांत सांगणारे. त्यांच्या हयातीतच, १८९२ मध्ये, त्या चर्चने खुलासा केला की माणसाच्या स्वतःच्या पापाचा विचार न करताच काहींना मरणासाठी नेमले आहे, असे मानण्याचे बंधन कोणावर नाही. १९०३ साली अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन चर्चने बालपणी मरण पावलेली सर्व मुले तारण पावतात, असे जाहीर केले. ऑगस्टीनने राहू दिलेला काटा काढण्यास पंधरा शतके लागली.

सिद्धान्ताची खरी किंमत आयुष्यात मोजली जाते. इंग्रज कवी विल्यम कूपर याचे उदाहरण या संदर्भात मनाला चटका लावून जाते. १७३१ मध्ये जन्मलेला हा कोमल मनाचा कवी उदासीनतेच्या आजाराने पछाडलेला होता. ओल्नी या गावी जॉन न्यूटन या धर्मोपदेशकाच्या स्नेहात त्याने सुंदर भक्तिगीते लिहिली. १७७३ मध्ये त्याला एक स्वप्न पडले. आपण कायमचे त्यागलेले आहोत असा त्याचा निश्चय झाला, आणि १८०० साली मृत्यू येईपर्यंत तो ढळला नाही. ईश्वर कृपाळू आहे, सर्व पाप्यांना क्षमा आहे, फक्त माझ्या एकट्यासाठी नाही, असे तो मानी. त्याने चर्चला जाणे सोडले. त्याची गीते गाऊन हजारोंनी धीर धरला. कवीला स्वतःला मात्र त्यांतला एक शब्दही आपल्यासाठी वाटला नाही. त्याचा रोग सिद्धान्ताने निर्माण केला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच सिद्धान्तावर श्रद्धा असलेला न्यूटन अखेरपर्यंत त्याचा निष्ठावंत मित्र राहिला. पण रोगाने आपली भाषा त्या सिद्धान्तातून उसनी घेतली, हे नाकारता येत नाही.

याच्या नेमके उलट टोकही साहित्याने दाखविले आहे. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स याने विली नावाच्या एका ढोंगी धर्मपुरुषाची प्रार्थना रचून, आपण निवडलेले आहोत या खात्रीने शेजाऱ्यांचा सत्यानाश मागणाऱ्या वृत्तीची थट्टा केली. जेम्स हॉग याने १८२४ साली लिहिलेल्या कादंबरीतला नायक तर, निवडलेल्याला कोणतेही पाप बाधत नाही या समजुतीने खुनापर्यंत पोहोचतो. म्हणजे एकच मत एकाला निराशेच्या विहिरीत ढकलते आणि दुसऱ्याला अहंकाराच्या शिखरावर चढविते.

मग या मताचा उगम जेथे झाला ती जागा कोणती, हे पुन्हा पाहणे आवश्यक ठरते. ऑगस्टीन काय किंवा ल्यूथर काय, ते प्रथम स्वतःविषयी बोलत होते. मागे वळून आयुष्याकडे पाहताना त्यांना वाटले की मी आलो नाही, मला आणले गेले. हे कृतज्ञतेचे उद्गार आहेत. ते जोवर प्रथमपुरुषी असतात तोवर सुंदर आणि खरे असतात. परंतु त्यांचेच व्याकरण बदलून ‘त्याला आणले गेले नाही’ असे तृतीयपुरुषी विधान केले, की कृतज्ञतेचा निष्ठुर सिद्धान्त होतो. उलट इच्छास्वातंत्र्याची भाषा ही पुढे पाहणाऱ्याची भाषा आहे. उद्या काय करावयाचे हे ठरविताना कोणीही, अगदी कॅल्व्हिनचा कट्टर अनुयायीसुद्धा, निर्णय आधीच झाला आहे म्हणून स्वस्थ बसत नाही. मागे पाहताना कृपा आणि पुढे पाहताना कर्तव्य, अशी ही दोन दृष्टींची वाटणी आहे; आणि पौलाच्या त्या एका श्वासातील दोन वाक्ये कदाचित हेच सुचवीत असावीत. विसाव्या शतकात कार्ल बार्थ याने १९४२ सालच्या ग्रंथखंडात निवडीचा सिद्धान्त नव्याने मांडला, तोही याच दिशेने. ईश्वराने निवडले ते प्रथम ख्रिस्ताला, आणि नाकारले जाण्याचे दुःखही त्यानेच स्वतःवर घेतले. म्हणून अमुक माणूस त्यागलेला आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही उरत नाही.

या वादातील दोघा मित्रांची गोष्ट सांगून हे विवेचन आवरते घेणे योग्य होईल. अठराव्या शतकात जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हाइटफील्ड यांनी इंग्लंडात उघड्या माळरानावर खाणकामगारांना उपदेश करण्याचे कार्य बरोबरीने केले. १७३९ साली वेस्लीने पूर्वनियोजनावर कडक टीका करणारे प्रवचन दिले व छापले; व्हाइटफील्डने त्याला जाहीर उत्तर लिहिले. दोघांचे मार्ग वेगळे झाले. कृपा सर्वांसाठी, हे वेस्लीचे मत. कृपा निवडलेल्यांसाठी, हे व्हाइटफील्डचे. मतभेद मिटला नाही. पण पुढे स्नेह पुन्हा जुळला, आणि १७७० मध्ये व्हाइटफील्ड अमेरिकेत मरण पावला तेव्हा त्याच्याच पूर्वीच्या इच्छेनुसार लंडनमधील स्मृतिप्रवचन वेस्लीने केले. ज्या प्रश्नावर दोघे आयुष्यभर भांडले, त्याचे उत्तर त्या दिवशीही दोघांजवळ भिन्नच होते.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरन चर्चच्या प्रतिनिधींनी तारणविषयक संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या आणि परस्परांवरील जुने धिक्कार आजच्या शिकवणीला लागू नाहीत, असे मान्य केले. २००६ मध्ये वेस्लीच्या परंपरेतील मेथडिस्टही त्यात सामील झाले. कोडे सुटले असे त्यांनी म्हटलेले नाही. कोड्यासाठी एकमेकांना बंदिवासात टाकण्याचे कारण नाही, एवढे मात्र उमगले.

एखाद्या ग्रंथालयाच्या फडताळावर ऑगस्टीन आणि इरॅस्मस, कॅल्व्हिन आणि आर्मिनियसपंथी ग्रोशियस शेजारी शेजारी उभे राहू शकतात. त्यांच्यापैकी कोणाला मुभा द्यावी आणि कोणाला नाही, हे फडताळ ठरवीत नाही. वाचकाच्या हाताची वाट पाहते. पुस्तके आधीच्यांनी ठेवून दिलेली असतात, हे वाचकावर झालेले उपकार. त्यांतले कोणते काढून उघडावयाचे, ही त्याची जबाबदारी. ज्यांनी शंभर वर्षांपूर्वी या संस्थेची पहिली फडताळे भरली, त्यांचे स्मरण करताना या दोन्ही गोष्टी ध्यानी राहाव्यात, एवढीच प्रार्थना.